अकाली मृत्यू टाळायचा तर आधी काय बघायचं

तब्येतीची मनापासून काळजी घेणाऱ्या माणसांचंही एका गोष्टीत वारंवार चुकतं : क्रमात. व्हिटॅमिनच्या गोळ्या नियमाने चालू असतात, मोबाइलवर पावलांचा हिशेब असतो, गोड सोडलेलं असतं. पण रक्तदाब शेवटचा कधी मोजला ते आठवत नाही, आणि दिवसाच्या दोन सिगारेटी 'दोनच तर आहेत' म्हणून कुठे धरलेल्याच नसतात. कष्ट खरे असतात, पण ते लहान जोखमीवर खर्च होतात आणि मोठी जोखीम जागची हलत नाही. याचं मुख्य कारण असं, की आयुष्य लवकर संपवणारे बहुतेक घटक दुखत नाहीत. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, एलडीएल म्हणजे रक्तवाहिन्यांत साठणारं 'वाईट' कोलेस्टेरॉल दुखत नाही, रक्तातली वाढती साखरही बरीच वर्षं गप्प असते. त्यामुळे काय जाणवतं यावरून क्रम लावला की तो हमखास चुकतो. तो मोजून लावावा लागतो.

अकाली म्हणजे ढोबळमानाने सत्तरीच्या आत. हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग, मधुमेह, फुप्फुसांचे जुनाट विकार अशा असंसर्गजन्य आजारांनी सत्तरीच्या आत जाणाऱ्यांची संख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने वर्षाला सुमारे १.८ कोटी आहे. 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' या जागतिक अभ्यासात २०१९ साली सर्व वयांचे मृत्यू धरून जोखमीच्या घटकांत पहिला क्रमांक वाढलेल्या रक्तदाबाचा होता, सुमारे १.०८ कोटी मृत्यू. दुसरा तंबाखूचा, सुमारे ८७ लाख. म्हणून या दोघांवरच मी इथे जास्त लिहिणार आहे.

पुढे जाण्याआधी आकडे कसे वाचायचे ते सांगायला हवं, कारण बातम्या इथेच घाबरवतात. 'जोखीम दुप्पट' हे वाक्य एकट्याने काहीच सांगत नाही. दहा वर्षांत हजारातल्या एकाला होणारी गोष्ट दुप्पट झाली तर ती दोघांना होईल. शंभरातल्या दहांना होणारी दुप्पट झाली तर वीस जणांना. शब्द तोच, अर्थ पूर्ण वेगळा. दुसरं म्हणजे हे घटक एकत्र आले की त्यांची नुसती बेरीज होत नाही, पुष्कळदा गुणाकार होतो. रक्तदाब थोडा वर, साखर सीमारेषेवर, एलडीएल जरा जास्त आणि सोबत सिगारेट, असा माणूस प्रत्येक रिपोर्टमध्ये 'थोडंसंच' वाढलेला दिसतो, पण त्याची एकूण जोखीम एकच आकडा खूप वाढलेल्या माणसापेक्षा जास्त असू शकते. गुणाकाराची चांगली बाजूही आहे : त्यातला एक घटक कमी केला तरी सगळा गुणाकार खाली येतो.

रक्तदाब

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ नोंदवला गेला. त्या काळी यावर परिणामकारक गोळी नव्हती, आणि वयानुसार रक्तदाब वाढणं स्वाभाविकच आहे, असं मानणारे डॉक्टरही बरेच होते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा आकडा ३००/१९० होता. वय ६३. तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, फ्रेमिंगहॅम या गावातल्या ५,२०९ माणसांना वर्षानुवर्षं तपासत राहण्याचा अभ्यास सुरू झाला, आणि वाढलेला रक्तदाब हा वयाचा निरुपद्रवी भाग नसून हृदयविकाराचं आणि पक्षाघाताचं कारण आहे, हे त्यातून पुढे आलं.

आज हे आणखी नेमकं माहीत आहे. दहा लाख लोकांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये आलेल्या विश्लेषणात ४० ते ६९ या वयात ११५/७५ पासून पुढे वरचा आकडा दर २० ने किंवा खालचा दर १० ने वाढला, की पक्षाघाताने आणि हृदयविकाराने मरण्याची शक्यता सुमारे दुप्पट होताना दिसली. म्हणजे १३५ चा माणूस ११५ च्या माणसाच्या दुप्पट जोखमीत, १५५ चा चौपट. मध्ये कुठेही 'इथपर्यंत काही नाही' अशी रेषा नाही. १४०/९० ही रेषा उपचारांच्या सोयीसाठी आखलेली आहे.

सगळ्यात मोठी अडचण मात्र मोजण्यातच होते. चुकीच्या पद्धतीने मोजलेला आकडा १० ते २० ने सहज इकडेतिकडे जातो, आणि त्यावर गोळी सुरू होते किंवा सुरू व्हायची राहते. घरी मोजायचं तर मशीन दंडावर पट्टा बांधायचं घ्यावं. मनगटावरच्या मशीनमध्ये हात हृदयाच्या पातळीला धरण्यात बहुतेकांची चूक होते. दंडाच्या मधोमध टेप लावून घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या सेंटीमीटरच्या मर्यादेत तो बसतो का, बघा. जाड दंडावर लहान पट्टा बांधला तर रक्तवाहिनी दाबायला जास्त दाब लागतो आणि आकडा फुगतो. जाड दंडाच्या कित्येक माणसांच्या 'हाय बीपी'तला काही भाग पट्ट्याचा असतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवी करून या, कारण भरलेल्या मूत्राशयाने वरचा आकडा १० च्या आसपास वाढू शकतो. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही, हात टेबलावर असा की पट्टा हृदयाच्या उंचीला येईल. हात १० सेंटीमीटर खाली लोंबत असला तर आकडा ७ ते ८ ने जास्त येतो. हा साधा द्रवाच्या दाबाचा नियम आहे. पट्टा उघड्या कातडीवर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. मग पाच मिनिटं गप्प बसायचं. खरोखर गप्प, फोनही नको. बोलता बोलता घेतलेला आकडा हमखास वर असतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. सकाळी गोळी आणि न्याहारीच्या आधी, पुन्हा संध्याकाळी, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, कारण त्या दिवशी मशीनचीच धास्ती असते. उरलेल्यांची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर तो वाढलेला रक्तदाब. घरचा निकष दवाखान्यातल्या १४०/९० पेक्षा थोडा खाली असतो, हे विसरू नका.

पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा. फरक पुन्हा पुन्हा १५ च्या वर येत असेल तर एका बाजूची धमनी अरुंद झालेली असू शकते. ते डॉक्टरांना सांगा आणि पुढे नेहमी जास्त आकड्याच्या हातावर मोजा. मशीन ठोके अनियमित असल्याची खूण सारखी दाखवत असेल तर ईसीजी काढायलाच हवा. ती अनियमितता हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या थरथरीमुळे असेल तर पक्षाघाताची शक्यता सुमारे पाचपट होते, आणि त्यावरचं रक्त पातळ करणारं औषध वेगळंच असतं.

दवाखान्यात वाढलेला आणि घरी ठीक, हा प्रकार सगळ्यांना ठाऊक असतो. उलटा प्रकार जास्त धोक्याचा आहे : दवाखान्यात ठीक आणि घरी वाढलेला. यात उपचारच होत नाहीत, कारण रिपोर्ट चांगला असतो. तंबाखू ओढणारे, ताणाचं काम करणारे, घोरणारे यांनी घरी आठवडाभर मोजून बघावंच.

आकडा वाढलेला निघाला तर पहिली गोष्ट मीठ. शिफारस दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा, आणि त्यात सगळं आलं. जगाची सरासरी याच्या दुपटीच्या आसपास आहे. पाकिटबंद पदार्थावर मीठ न लिहिता सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, त्याला २.५ ने गुणलं की मीठ मिळतं. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. हा आकडा पुष्कळदा १०० ग्रॅमचा असतो, पूर्ण पाकिटाचा नसतो; तिथे फसगत होते. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ वापरल्याने पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी झाले. एवढ्याशा बदलाने मृत्यू कमी झाल्याची उदाहरणं फार नाहीत. मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन अशा पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रक्तात पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोकेच बिघडतात.

गोळ्यांबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. एका गोळीने आकडा येत नसेल तर तिचा डोस दुप्पट करण्यापेक्षा वेगळ्या गटातली दुसरी गोळी कमी डोसमध्ये जोडल्याने कितीतरी जास्त फरक पडतो आणि त्रासही कमी होतो. त्यामुळे 'दोन गोळ्या म्हणजे आजार बळावला' हा समज चुकीचा आहे. अम्लोडिपिनने घोट्याला सूज येते, रामिप्रिल गटाने कोरडा खोकला येतो. दोन्हीला पर्याय आहेत. गोळी बदलून घ्यायची, बंद करायची नाही. आकडा नॉर्मल आला म्हणून गोळी थांबवली जाते, ही तर सर्रास होणारी चूक. तो आकडा गोळीमुळे नॉर्मल असतो. आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावरही ताण येतो. गुडघेदुखीसाठी त्या आणि रक्तदाबासाठी तिसरी असं चाललं असेल, तर आधी दुखण्याचा दुसरा इलाज शोधायला हवा.

तंबाखू

ब्रिटनमधल्या ३४,४३९ पुरुष डॉक्टरांना १९५१ पासून पन्नास वर्षं पाहणारा रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांचा अभ्यास या विषयातला पाया आहे. २००४ मध्ये त्याचे शेवटचे निष्कर्ष आले. आयुष्यभर सिगारेट ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले. साठीत सोडणाऱ्यांनी त्यातली सुमारे ३ वर्षं परत मिळवली, पन्नाशीत ६, चाळिशीत ९, आणि तिशीत सोडणाऱ्यांनी जवळपास सगळी दहा. 'आता या वयात सोडून काय उपयोग' या प्रश्नाला यापेक्षा नेमकं उत्तर नाही.

कमी करण्याने मात्र वाटतं तेवढं पदरात पडत नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाची जोखीम ओढलेल्या सिगारेटींच्या संख्येबरोबर आणि त्याहून जास्त वर्षांबरोबर वाढत जाते. हृदयाचं तसं नाही. दिवसाला २० सिगारेटींमुळे हृदयविकाराची जी जादा जोखीम येते, तिच्या जवळपास निम्मी दिवसाच्या एकाच सिगारेटने येते. धुराच्या अगदी थोड्या मात्रेनेही रक्तातल्या बिंबाणू पेशी चिकट होतात आणि रक्तवाहिनीचं अस्तर बिघडतं. म्हणून 'फक्त दोनच' ही सवलत हृदय देत नाही. चघळण्याच्या तंबाखूत धूर नसला तरी तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग तिच्यामुळे होतो.

सोडताना नुसत्या निश्चयावर सोडणारे बहुतेकजण परत ओढायला लागतात. तो स्वभावाचा दोष समजू नका; मेंदूला लागलेलं निकोटिन अचानक बंद झालेलं असतं. त्यासाठी औषधं आहेत आणि ती पूर्ण मात्रेत, पूर्ण मुदतीत घ्यायला हवीत. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी असतील तर निकोटिनची पट्टी २१ मिलिग्रॅमपासून : सहा आठवडे २१, मग दोन आठवडे १४, मग दोन आठवडे ७. रोज जागा बदलून, केस नसलेल्या कोरड्या कातडीवर. पट्टी दिवसभर संथ पुरवठा करते, पण अचानक येणारी तलफ तिला आवरत नाही. त्यासाठी सोबत च्युइंगम. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचं, नाहीतर २ चं. दोन्ही एकत्र वापरण्याचा परिणाम एकट्या पट्टीपेक्षा चांगला असतो.

हे च्युइंगम साध्या च्युइंगमसारखं चावत राहिलं की बिघडतं. निकोटिन भराभर गिळलं जातं, मळमळ आणि उचकी येते, आणि 'मला हे सोसत नाही' म्हणून पाकीट टाकून दिलं जातं. हळू चावायचं, तिखट झिणझिण जाणवली की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं. झिणझिण गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं. असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना कॉफी, फळांचा रस, शीतपेय नको; आम्ल तोंडात असलं की निकोटिन गालातून शोषलं जात नाही. व्हॅरेनिक्लिन ही गोळी सोडण्याच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करून बारा आठवडे घ्यायची असते. ती डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावी.

एक बारकावा फार कमी जणांना सांगितला जातो. सिगारेटच्या धुरातल्या डांबरी घटकांमुळे यकृत कॅफिन लवकर निकालात काढत असतं. धूर बंद झाला की तेच कॅफिन रक्तात जास्त वेळ टिकतं. कॉफी पूर्वीइतकीच चालू ठेवली तर छातीत धडधड, हातांना कंप, झोप उडणं सुरू होतं आणि माणूस समजतो की सिगारेट सुटत नाहीये. सोडण्याच्या दिवसापासून कॉफी-चहा निम्म्यावर आणा. तलफ काही मिनिटांत ओसरते. पहिला आठवडा सगळ्यात अवघड, तीन-चार आठवड्यांनी बरंच सैल होतं. वजन थोडं वाढतं. वाढू द्या, ते नंतर बघता येतं.

साखर, एलडीएल आणि कंबर

पन्नाशीच्या, मधुमेह असलेल्या माणसाचं आयुष्य मधुमेह नसलेल्यापेक्षा सरासरी सुमारे सहा वर्षांनी कमी असतं. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त, म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ ही त्याच्या आधीची पायरी. एचबीएवनसी तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, पण लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय असेल तर ते खोटं जास्त येऊ शकतं, आणि लाल पेशी लवकर फुटण्याच्या आजारात खोटं कमी. हिमोग्लोबिन कमी असताना एकट्या या आकड्यावर निर्णय नको. मधुमेह आणि रक्तदाब असणाऱ्यांनी वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासावं. मूत्रपिंडासाठी नेहमी तपासलं जाणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी मूत्रपिंडाची हानी तिथे दिसते.

एलडीएलबाबत आजचा आकडा महत्त्वाचा आहेच, पण तो किती वर्षं तसा होता याला जास्त महत्त्व आहे. साठीत नव्याने १६० होणं आणि पंचविशी ओलांडल्यापासून सतत तेवढंच असणं यांत रक्तवाहिन्यांच्या दृष्टीने फार अंतर आहे. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांत एलडीएल दर ३९ मिलिग्रॅमने खाली आलं की हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे एक पंचमांशाने घटल्या. घरात कुणाला पंचावन्नच्या आत झटका आला असेल तर लिपोप्रोटीन-ए ही तपासणी आयुष्यात एकदा करून घ्या. ती पातळी जन्मजात असते आणि आहाराने फारशी हलत नाही, पण ती जास्त निघाली तर बाकीचे घटक किती कडक सांभाळायचे ते ठरतं.

वजनापेक्षा कंबर मोजणं मला जास्त उपयोगाचं वाटतं. शेवटची बरगडी आणि कंबरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या मधोमध टेप लावायची, श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा. पँटचं माप यासाठी चालत नाही, कारण पँट पोटाच्या खाली बांधली जाते.

हालचाल आणि ताकद

लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर बसून असणारे ड्रायव्हर आणि जिने चढउतार करणारे कंडक्टर यांची तुलना जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये मांडली. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झाला तरी सौम्य. तिथून सुरू झालेल्या अभ्यासांचं आजचं सार म्हणजे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते तळाचं टोक. तैवानमध्ये चार लाखांहून जास्त लोकांच्या अभ्यासात दिवसाला फक्त पंधरा मिनिटं मध्यम व्यायाम करणाऱ्यांमध्येही मृत्यूची जोखीम अजिबात न हलणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी दिसली. शून्यातून पंधरा मिनिटांवर येण्याचा फायदा ४५ वरून ६० वर जाण्यापेक्षा मोठा असतो. दहा हजार पावलं हा आकडा १९६५ च्या एका जपानी पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला आहे. प्रत्यक्षात साठीच्या पुढे ६ ते ८ हजार पावलांपाशी आणि त्याआधीच्या वयात ८ ते १० हजारांपाशी फायदा सपाट होत जातो.

ताकदीकडे मात्र अक्षम्य दुर्लक्ष होतं. १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या अभ्यासात हाताची पकड दर ५ किलोने कमी असेल तर मृत्यूची जोखीम १६ टक्क्यांनी जास्त दिसली. पकडीचा स्प्रिंग दाबत बसण्याने ती जोखीम जाणार नाही. पकड ही अख्ख्या अंगातल्या स्नायूंची खूण आहे. घरी बघायचं तर खुर्चीतून, हात छातीवर बांधून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयात पुरुषांना १४ पेक्षा आणि स्त्रियांना १२ पेक्षा कमी जमत असेल तर पाय कमकुवत झालेत. म्हातारपणी पडणं, खुब्याचं हाड मोडणं आणि अंथरुणाला खिळणं याची सुरुवात तिथेच असते. आठवड्यातून दोन दिवस पाय, पाठ आणि छातीचे स्नायू दमतील असा व्यायाम हवा. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेलं नाही तर वजन वाढवा.

झोप, दारू, हवा आणि माणसं

सात तासांच्या आसपास झोप बरी. नऊ-दहा तास झोपणारे लवकर मरतात, अशा बातम्या येतात तेव्हा कारण आणि परिणाम उलटे तर नाहीत ना, ते पाहायला हवं. आतून आजारी असलेला माणूस जास्त झोपतो. खरी शोधण्यासारखी गोष्ट म्हणजे झोपेत श्वास अडकणं : मोठं घोरणं, मध्येच शांतता आणि मग गुदमरल्यासारखा श्वास, सकाळी डोकं जड, दिवसा गाडी चालवताना डुलकी, तीन गोळ्या घेऊनही न उतरणारा रक्तदाब. शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीने पाहिलेलं इथे सगळ्यात कामाचं. मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारी सीपॅप मशीन रात्री तीन तास लावून सोडणाऱ्यांना हृदयासाठी तिचा ठळक फायदा मोठ्या चाचणीत दिसला नाही. मास्क बरोबर बसवून घेऊन जवळपास पूर्ण रात्र वापरायला हवं.

दारूबद्दलही हाच उलटा गोंधळ बरीच वर्षं चालला. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे सोडलेले लोकही मोजले जात, त्यामुळे थोडी पिणारे जास्त निरोगी दिसत. दारू कर्करोगकारक आहे, हे निश्चित झालेलं आहे, आणि तब्येतीसाठी म्हणून सुरू करावी असं काहीही तिच्यात नाही. पिणाऱ्याने जितकी कमी तितकी बरी. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एकदम बंद करू नये. झटके आणि भ्रम होऊन जीव जाऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं.

हवेतले २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुप्फुसांतून रक्तापर्यंत पोहोचतात आणि हृदयविकार वाढवतात. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. एकट्याने करण्यासारखं थोडंच : धुराची चूल असेल तर बदलणं, वर्दळीच्या रस्त्याकडेला व्यायाम न करणं, वाईट दिवशी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५.

एकटेपणा या यादीत बघून काहींना नवल वाटतं. १४८ अभ्यासांच्या, तीन लाखांहून जास्त लोकांच्या एकत्रित विश्लेषणात घट्ट सामाजिक नाती असलेल्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. मला यातला एक भाग अगदी व्यवहाराचा वाटतो : छातीत दुखायला लागलं की 'चल, आत्ता जाऊ' म्हणणारं कुणी जवळ असतं.

वय तिशीच्या आत असेल तर हा सगळा क्रम बदलतो. ५ ते २९ वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण रस्त्यावरचे अपघात आहेत आणि १५ ते २९ मध्ये आत्महत्याही वरच्या कारणांत आहे. विशीतल्या मुलासाठी हनुवटीखाली पट्टा लावलेलं हेल्मेट, गाडीतल्या मागच्या सीटवरही पट्टा आणि पिऊन गाडी न चालवणं हे कोलेस्टेरॉलच्या आधी येतं. मरणाचे विचार बोलून दाखवणाऱ्याला थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. त्याला एकटं सोडू नका, जवळच्या गोळ्या, कीटकनाशकं आवाक्याबाहेर ठेवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

गोळ्यांच्या बाटल्यांविषयी एवढंच सांगतो. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांहून जास्त पुरुषांवरच्या प्रयोगात निम्म्यांना संरक्षणासाठी म्हणून बीटा-कॅरोटिन दिलं गेलं. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त होता. कमतरता तपासणीत दिसली तर गोळी जरूर घ्या, पण तंबाखूची भरपाई कुठल्याही बाटलीत नाही.

शेवटचा मुद्दा वेळेचा आहे, कारण वर्षानुवर्षं साठलेली जोखीम एका दिवशी उघडी पडते आणि तेव्हाचा उशीरही जीव घेतो. छातीत दाब, तो जबड्यात किंवा हातात जाणं, थंड घाम, हे काही मिनिटांत थांबलं नाही तर रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवू नका. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छाती न दुखता नुसती धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा असू शकतो, आणि तो 'अ‍ॅसिडिटी' म्हणून घालवला जातो. चेहऱ्याची एक बाजू पडली, एक हात उचलला जात नाही, बोलणं अडखळतं, यांतलं काहीही अचानक झालं तर तो पक्षाघात समजा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि हे तास माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून मोजतात. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर झोपायला गेल्याची वेळ सांगायची. ती कागदावर लिहून घ्या, चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या आणि सीटी स्कॅन होणाऱ्या रुग्णालयातच जा. पक्षाघाताच्या माणसाला तोंडाने काही देऊ नका, अ‍ॅस्पिरिनही नाही. पक्षाघात गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे स्कॅनआधी कुणालाच सांगता येत नाही.